तह झाला, माणसांचे काय?

२०२३ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात कॉकेशसच्या डोंगरांतील एका अरुंद घाटरस्त्यावरून एक लाखाहून अधिक माणसे घरदार सोडून चालती झाली. एरवी काही तासांत संपणारी ती वाट. परंतु मोटारी, मालगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग एवढी लांबली होती की, कित्येक कुटुंबांना ती ओलांडण्यास दीडदीड दिवस लागला. म्हाताऱ्यांना गादीसकट गाडीत घातले होते. वाटेसाठी पेट्रोल मिळावे म्हणून स्तेपानकर्त शहराबाहेरील साठ्यापाशी जमलेल्या गर्दीत स्फोट झाला आणि दीडशेहून अधिक माणसे तेथेच जळून गेली. आठवडा संपला तेव्हा नागोर्नो-काराबाख या प्रदेशात आर्मेनियन माणूस जवळजवळ उरला नव्हता. संयुक्त राष्ट्रसंघाचे पथक तेथे पोहोचले ते १ ऑक्टोबरला. त्याला आढळले की, मागे राहिलेल्यांची संख्या पन्नासपासून हजारापर्यंत कितीही असू शकेल. तीस वर्षांत संयुक्त राष्ट्रसंघाचे पथक या भूमीत प्रथमच आले, आणि ते अशा वेळी की, भेटावयास कोणी उरले नव्हते. वरातीमागून घोडे ही म्हण आपल्याकडे थट्टेने वापरतात. येथे ती वापरताना जीभ अडखळते.

त्यानंतर दोन वर्षे उलटण्यापूर्वीच, ८ ऑगस्ट २०२५ रोजी, वॉशिंग्टन येथे आर्मेनियाचे पंतप्रधान निकोल पाशिन्यान आणि अझरबैजानचे अध्यक्ष इल्हाम अलीयेव हे अमेरिकेच्या अध्यक्षांसमवेत एका मेजाशी बसले, आणि त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सतरा कलमांच्या शांतता-कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली. पस्तीस वर्षांहून अधिक काळ एकमेकांच्या रक्ताला चटावलेल्या दोन शेजाऱ्यांनी हस्तांदोलन करावे ही साधी गोष्ट नव्हे, आणि त्या हस्तांदोलनाचे आम्ही स्वागतच करतो. दोन्ही देशांतील जी मुले आता अठराव्या वर्षात पाऊल टाकतील त्यांना खंदकात पाठविण्याची पाळी येऊ नये, यापेक्षा मोठे पुण्य कोणत्याही मुत्सद्द्याच्या पदरी पडणार नाही. तथापि तो मसुदा प्रसिद्ध झाल्यावर आम्ही तो काळजीपूर्वक वाचला. त्यात सीमांविषयी आहे, दळणवळणाविषयी आहे, बेपत्ता माणसांविषयीही आहे. परंतु त्या घाटरस्त्याने निघून गेलेल्या लाखभर माणसांच्या परतीविषयी चकार शब्द नाही. ज्या भूमीवरून सारा तंटा माजला तिच्या रहिवाशांचा उल्लेख तहात नसावा, हे आम्हांला खटकते. आजच्या लेखाचे प्रयोजन तेच आहे.

'काराबाख' हा शब्द मराठी माणसाला तितकासा परका वाटू नये. 'बाग' हा जो फारसी शब्द आपण रोज उच्चारतो तोच त्यात आहे. तुर्की भाषेतील 'कारा' म्हणजे काळा. मिळून काळी बाग. त्यामागचे 'नागोर्नो' हे रशियन विशेषण, डोंगराळ अशा अर्थाचे. एका नावात तीन भाषा आणि तीन साम्राज्ये सामावलेली आहेत. आर्मेनियन लोक या प्रदेशास आर्ट्साख म्हणतात. त्यांचे स्तेपानकर्त ते अझरबैजान्यांचे खानकेंदी; त्यांची शुशी ती यांची शुशा. शुशा हे तर दोघांच्याही काळजाचे शहर. अझरबैजानी संगीताचे आणि काव्याचे ते माहेर. आर्मेनियनांच्या दृष्टीने विद्येचे, छापखान्यांचे आणि चर्चांचे. एका डोंगरकड्यावरील त्या शहरात दोघांचे मोहल्ले होते, एकाच बाजारात दोघांची देवघेव चाले, आणि १९२० साली त्यातील आर्मेनियन मोहल्ला जाळण्यात आला.

तेव्हा हे वैर किती जुने, असे कोणी विचारल्यास उत्तर सावधपणे दिले पाहिजे. वृत्तपत्रांतून 'सनातन वैर' हा शब्दप्रयोग फार सैलपणे वापरला जातो. तो आळशी माणसाचा आश्रय आहे. वैर सनातन म्हटले की कोणाचाच दोष राहत नाही, आणि कोणी काही करावयाचेही उरत नाही. वस्तुतः कॉकेशसच्या खेड्यांतून हे दोन समाज शतकानुशतके शेजारी राहिले. मोठ्या प्रमाणावरील पहिली कत्तल झाली ती १९०५ साली, झारची सत्ता डळमळू लागली तेव्हा. १९१५ मध्ये उस्मानी साम्राज्यात आर्मेनियनांचा जो भीषण संहार झाला त्याने त्या लोकांच्या मनात तुर्कांविषयी कायमची दहशत बसविली. आणि अझरबैजानी हे भाषेने तुर्कच असल्यामुळे ती दहशत त्यांच्यावरही आरोपित झाली. १९१८ साली बाकूत मार्च महिन्यात मुसलमान मारले गेले, सप्टेंबरात आर्मेनियन. केंद्रसत्ता दुबळी झाली की शेजारी शेजाऱ्याला भिऊ लागतो, आणि भ्यालेला माणूस आधी हात उगारतो. १९०५, १९१८ आणि १९८८ या तिन्ही वर्षी मॉस्को वा सेंट पीटर्सबर्ग येथील सिंहासन हलत होते, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

सोव्हिएत राजवटीने या प्रश्नाची जी वासलात लावली ती मोठी चमत्कारिक होती. १९२१ च्या जुलैमध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या कॉकेशस विभागाने काराबाख अझरबैजानात ठेवण्याचा निर्णय घेतला आणि १९२३ मध्ये त्या डोंगराळ भागाचा एक स्वायत्त प्रांत निर्माण केला. प्रांतातील वस्ती १९२६ च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे नव्वद टक्के आर्मेनियन. प्रांत मात्र अझरबैजानचा. आर्मेनियाशी त्याची हद्द कोठेही भिडत नव्हती. मध्ये लाचिनची चिंचोळी पट्टी. साम्राज्याच्या पोटात असलेल्या या सीमारेषा साम्राज्य जिवंत असेतो कागदावरच्या होत्या. १९८९ च्या शिरगणतीत तेथील आर्मेनियनांचे प्रमाण सुमारे सत्त्याहत्तर टक्क्यांवर आले होते, आणि आपला हळूहळू लोप होणार ही त्यांची भीती खोटी नव्हती.

२० फेब्रुवारी १९८८ रोजी प्रांताच्या सोव्हिएतने आपल्याला आर्मेनियात सामील करावे अशी मागणी करणारा ठराव केला. आठ दिवसांच्या आत बाकूजवळील सुमगाईत या कारखान्यांच्या गावी आर्मेनियनांची कत्तल झाली. सरकारी आकडा एकूण बत्तीस मृतांचा. तेथून पुढे गाडा उतारास लागला. अझरबैजानातील साडेतीन लाखांच्या आसपास आर्मेनियन आणि आर्मेनियातील दीड ते दोन लाख अझरबैजानी, असे दोन लोंढे उलटसुलट दिशांनी वाहिले. आमच्या पिढीला फाळणीची वर्णने वडीलधाऱ्यांकडून ऐकावयास मिळाली. तेव्हा अशा लोंढ्यांत काय होते, हे येथील वाचकास विस्ताराने सांगावयास नको.

सोव्हिएत संघ फुटला आणि चकमकींचे युद्ध झाले. २५ आणि २६ फेब्रुवारी १९९२ च्या दरम्यानच्या रात्री खोजाली या गावातून पळणाऱ्या अझरबैजानी नागरिकांवर गोळीबार झाला. अझरबैजान सरकारच्या मते त्यात ६१३ माणसे मारली गेली. आर्मेनियन फौजांनी काराबाख तर घेतलेच, शिवाय त्याच्या भोवतालचे सात अझरबैजानी जिल्हे पूर्णतः वा अंशतः काबीज केले. या जिल्ह्यांत आर्मेनियनांची वस्ती जवळपास नव्हतीच. तेथून पाच लाखांहून अधिक अझरबैजानी हाकलले गेले, आणि त्यांतील कित्येकांनी मालगाडीच्या डब्यांत वर्षानुवर्षे संसार केले. अगदाम हे नांदते गाव. त्याचा दगडन् दगड उचलून नेला गेला, मशिदीचे मनोरे तेवढे उभे राहिले. १९९४ च्या मे महिन्यात युद्धबंदी झाली तेव्हा दोन्हीकडचे मिळून सुमारे तीस हजार लोक प्राणास मुकले होते.

येथपर्यंतची हकीकत सांगण्याचे कारण एवढेच की, २०२३ मध्ये रडणाऱ्यांचे अश्रू खरे आहेत हे मान्य करताना १९९३ मध्ये रडणाऱ्यांचे अश्रू आपण पुसून टाकू नयेत. एका बाजूचा वकील होणे सोपे असते. त्या डोंगरांत मात्र पक्षकार दोन आहेत आणि खुनाचे आरोप दोघांवरही आहेत.

या साऱ्या प्रकरणात आमच्या मनात घर करून राहिलेला एक मनुष्य आहे. तो म्हणजे आर्मेनियाचे पहिले अध्यक्ष लेव्हॉन तेर-पेत्रोस्यान. मूळचे हे गृहस्थ प्राचीन हस्तलिखितांचे अभ्यासक. काराबाखच्या चळवळीतूनच पुढे आले आणि तिच्यापायी त्यांनी तुरुंगवासही भोगला. युद्ध जिंकले ते त्यांच्याच कारकीर्दीत. अशा विजयी नेत्याने १९९७ च्या नोव्हेंबरात 'युद्ध की शांतता' या अर्थाच्या मथळ्याचा एक लेख लिहिला आणि आपल्या लोकांना कडू सत्य सांगितले. त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा होता की, जिंकलेली स्थिती कायम टिकणार नाही, जग ती मान्य करणार नाही. तेलाच्या पैशाने शेजारी उद्या बलवान होईल. तेव्हा आज आपण वरचढ असतानाच जिल्हे परत देऊन काराबाखच्या सुरक्षिततेची हमी मिळवावी. हे सांगण्याचे फळ त्यांना काय मिळाले? त्यांच्याच मंत्रिमंडळातील सहकारी उलटले, देशद्रोहाचा शिक्का बसला आणि १९९८ च्या फेब्रुवारीत त्यांना पदत्याग करावा लागला. त्यांच्या जागी काराबाखहून आलेले रॉबर्ट कोचार्यान बसले. पुढील वीस वर्षे आर्मेनियात 'एक इंचही नाही' ही घोषणा राष्ट्रभक्तीची कसोटी होऊन राहिली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाशिन्यान यांनी स्तेपानकर्तच्या चौकात काराबाख म्हणजे आर्मेनियाच, असे ठणकावून सांगितले. लोकांनी टाळ्या वाजविल्या. तेरा महिन्यांनी, २७ सप्टेंबर २०२० रोजी, तोफा सुरू झाल्या. तुर्की आणि इस्रायली बनावटीच्या वैमानिकरहित विमानांनी आर्मेनियाचे रणगाडे एकेक करून टिपले. चव्वेचाळीस दिवसांत शुशा आणि सातही जिल्हे गेले. तेही गेले आणि हेही गेले, हाती धुपाटणे आले.

अझरबैजानची बाजू कायद्याने बळकट होती, हे आम्ही नाकारीत नाही. सुरक्षा समितीने १९९३ या एका वर्षात चार ठराव करून व्यापलेले जिल्हे सोडण्यास सांगितले होते. परंतु जमिनीवरील हक्क आणि जमिनीवरील माणसांचा छळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. १२ डिसेंबर २०२२ पासून लाचिनचा रस्ता अडविण्यात आला. प्रथम पर्यावरणवादी म्हणविणाऱ्या मंडळींकडून, मग २०२३ च्या एप्रिलपासून उघड सरकारी नाक्याने. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२३ रोजी रस्ता मोकळा ठेवण्याचा आदेश दिला. रस्ता मोकळा झाला नाही. नऊ महिने औषधे, दूध, पीठ यांची टंचाई सोसलेल्या लोकांवर १९ सप्टेंबरला हल्ला झाला आणि चोवीस तासांत त्यांच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली. अझरबैजान सरकार म्हणते की, आम्ही कोणाला हाकलले नाही, त्यांनी राहावे असेच आम्ही म्हणत होतो. नऊ महिने उपाशी ठेवलेल्या माणसाला दार उघडून, राहा वा जा, असे म्हटले तर तो काय करील, हे ठाऊक असणाऱ्याने असे बोलू नये.

आता परकीय राष्ट्रांच्या वर्तनाकडे वळू. या भागावर पोथीच्या पोथी लिहिता येईल. १९९२ साली युरोपातील सुरक्षा व सहकार्य परिषदेने मिन्स्क गट स्थापन केला. रशिया, अमेरिका आणि फ्रान्स हे त्याचे संयुक्त अध्यक्ष. फ्लोरिडातील की वेस्ट येथे २००१ मध्ये वाटाघाटी झाल्या, २००७ मध्ये माद्रिदला तत्त्वे ठरली. मुत्सद्दी विमानाने आले आणि गेले. गटाचा कारभार असा की, रुग्णाच्या उशाशी वैद्य बसून राहिले, नाडी पाहत राहिले, औषध मात्र कोणी दिले नाही. त्यांचा एकंदर समज असा होता की, तंटा गोठलेला आहे, तो गोठलेलाच राहील. गोठलेल्या तंट्याखाली शस्त्रे वाहत असतात. २०२५ च्या वॉशिंग्टन भेटीत उभय नेत्यांनी तो गटच बरखास्त करावा असा अर्ज केला, आणि तो बरखास्त झाला. त्याच्यासाठी कोणी अश्रू ढाळल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

रशियाने आर्मेनियाशी संरक्षणाचा करार केला आणि शस्त्रे विकली ती दोघांना. २०२० च्या युद्धबंदीनंतर १,९६० रशियन शांतिसैनिक काराबाखात उतरले, पाच वर्षांसाठी. त्यांच्या डोळ्यांदेखत रस्ता अडविला गेला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत प्रदेश रिकामा झाला. रशियाचे लक्ष तेव्हा युक्रेनच्या युद्धात गुंतले होते. आणि युद्धात अडकलेल्या मॉस्कोला व्यापाराच्या वाटांसाठी बाकू आणि अंकारा यांची मर्जी पाहिजे होती. कुंपण शेत खाते असे आपण म्हणतो; येथे कुंपणाने शेत खाल्ले नाही, ते नुसते बाजूला सरले. युरोपीय संघाचे तर विचारूच नये. रशियाचा वायू नको म्हणून २०२२ च्या जुलैमध्ये त्याच्या आयोगाच्या अध्यक्षा बाकूस गेल्या आणि २०२७ पर्यंत अझरबैजानचा वायू दुप्पट करण्याचा करारमदार करून आल्या. पाच महिन्यांनी लाचिनचा रस्ता बंद झाला तेव्हा ब्रुसेल्सहून चिंता व्यक्त करण्यात आली. चिंता व्यक्त करणे ही आधुनिक मुत्सद्देगिरीतील सर्वांत स्वस्त वस्तू होय. अमेरिकेने १९९२ मध्ये कायद्याचे एक कलम करून अझरबैजानला मदत बंद केली आणि २००२ पासून दर वर्षी ते कलम बाजूला ठेवण्यास प्रारंभ केला, कारण मधल्या काळात अफगाणिस्तानकडे जाणाऱ्या विमानांना आकाश हवे होते. तुर्कस्तानने १९९३ मध्ये आर्मेनियाची सीमा बंद केली. २००९ मध्ये ती उघडण्याचे करारपत्र झुरिकला झाले आणि ते संमतीवाचून तसेच पडून राहिले.

आपल्याकडे काही मंडळी या तंट्याकडे ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान अशा चष्म्यातून पाहतात. त्यांनी इराणकडे पाहावे. शियापंथीय इराणचा कल अनेक वर्षे शियाबहुल अझरबैजानकडे नसून ख्रिस्ती आर्मेनियाकडे राहिला. कारण इराणच्या उत्तर भागात लक्षावधी अझरबैजानी राहतात आणि तेहरानला त्यांच्या राष्ट्रभावनेची धास्ती आहे. उलट यहुदी इस्रायलने अझरबैजानला शस्त्रे पुरविली आणि त्याच्याकडून तेल घेतले. धर्म हा या युद्धात निशाणावर होता. हिशेबाच्या वहीत नव्हता.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. वृत्तपत्रात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत इतिहास-भूगोल शिकवीत होतो. भिंतीवरच्या नकाशात एकेका देशाला एकेक रंग असतो, आणि मुलांची अशी पक्की समजूत होते की, त्या रंगाच्या आत एकाच तऱ्हेची माणसे राहत असणार. ती समजूत दूर करण्यास आमचे निम्मे वर्ष जाई, आणि दर जूनला नवा वर्ग येऊन ती पुन्हा समोर उभी राही. येरेव्हान आणि बाकू येथील शाळांतून गेली तीस-पस्तीस वर्षे ही समजूत दूर करण्याऐवजी घट्टच करण्यात आली आहे. आज तेथे जी तिशीतली माणसे आहेत त्यांनी पलीकडच्या माणसाशी जन्मात कधी संभाषण केलेले नाही. त्यांच्या आजोबांना मात्र परस्परांची भाषा येत होती. तहावर सही करणे एका दिवसाचे काम आहे. क्रमिक पुस्तके बदलणे एका पिढीचे.

हिंदुस्थानचा या सर्वांशी संबंध काय, असा प्रश्न वाचक विचारील. संबंध आहे, आणि तो दोन्हीकडचा आहे. मुंबईच्या कोटात मेडोज स्ट्रीटवर आर्मेनियनांचे सेंट पीटरचे चर्च १७९६ मध्ये उभारले गेले. जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक 'अझदरार' हे १७९४ साली निघाले ते येरेव्हानमध्ये नव्हे, तर आपल्या मद्रासेत. आणि बाकूजवळ सुराखानी येथे जे ज्वालामंदिर आहे त्याच्या भिंतींवर हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी कोरविलेले देवनागरी लेख आहेत. त्यांत श्रीगणेशाला वंदन आहे. २०२५ च्या पूर्वी एक-दोन वर्षे आमच्याच शहरातील कितीतरी कुटुंबे सुट्टीत बाकूची सहल करून आली आणि ते लेख पाहून हरखली. २०२४ या एका वर्षात दोन लाखांहून अधिक हिंदी प्रवासी त्या देशात गेले होते. २०२५ च्या मे महिन्यातील भारत-पाक संघर्षात अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि त्या सहली एका आठवड्यात रद्द झाल्या. आम्ही त्या रागास दोष देत नाही. पण सहल रद्द करणे म्हणजे परराष्ट्रधोरण नव्हे.

आपले धोरण काय आहे? १४ मार्च २००८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत अझरबैजानचा ठराव आला: आमच्या भूमीतून आर्मेनियन फौजा हटवा. बाजूने एकोणचाळीस मते पडली, तटस्थ शंभर राहिले, विरुद्ध सात. त्या सातांत भारत होता. काश्मीरच्या बाबतीत प्रादेशिक अखंडतेचा ध्वज उंच धरणाऱ्या राष्ट्राने हे मत का दिले, याची चर्चा तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी, त्यात आम्हीही आलो, पुरेशी केली नाही. पुढे २०२० पासून आपण आर्मेनियास तोफांचा ठाव घेणारी स्वाती रडारे, पिनाका अग्निबाणप्रणाली आणि आकाश क्षेपणास्त्रे विकली. रशियाने पाठ फिरविली तेव्हा आर्मेनियाला शस्त्रे हवी होती. आपल्या कारखान्यांना गिऱ्हाईक हवे होते. आणि तुर्कस्तान, पाकिस्तान व अझरबैजान यांच्या त्रिकुटास एक शह हवा होता. शिवाय मुंबईहून इराणमार्गे रशियात जाणारा जो उत्तर-दक्षिण व्यापारमार्ग २००० सालापासून कागदावर आहे त्याची एक वाट अझरबैजानातून जाते, आणि दुसरी आर्मेनियातून जावी अशी आपली इच्छा आहे.

या हिशेबात आम्हांला अनैतिक असे काही दिसत नाही. दुबळ्या राष्ट्रास स्वसंरक्षणाची साधने विकणे हे पाप नव्हे. त्या साधनांमुळे आर्मेनियाच्या मूळ भूमीवरील आक्रमणाचा मोह कमी झाला असेल तर ते चांगलेच झाले. आमची तक्रार वेगळी आहे. शत्रूचा मित्र तो शत्रू, या एका सूत्रावर धोरण उभे केले की, सूत्र बदलताच धोरण कोसळते. ३१ ऑगस्ट २०२५ रोजी पाकिस्तान आणि आर्मेनिया यांनी राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. तोवर पाकिस्तान आर्मेनियाला मान्यताच देत नव्हता, आणि आपल्या येरेव्हानवरील लोभाचे ते एक मोठे कारण होते. आता कारण गेले. लोभ राहील की जाईल? वॉशिंग्टनच्या भेटीत दक्षिण आर्मेनियाच्या स्यूनिक प्रांतातून अझरबैजानला त्याच्या नखिचेवान या तुटलेल्या भागाशी जोडणारा मार्ग अमेरिकेच्या देखरेखीखाली बांधण्याचे ठरले. तो इराणच्या सीमेलगत जाईल. आपल्या उत्तर-दक्षिण मार्गाला तो पूरक होईल की छेद देईल, याचा विचार दिल्लीत चालला असेल अशी आशा आहे.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुन्हा सांगितली पाहिजे. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी हेगच्या न्यायालयाने असा आदेश दिला की, काराबाख सोडून गेलेल्या ज्या कोणास परत यावयाचे असेल त्याला सुरक्षितपणे आणि विनाविलंब परत येता यावे. विस्थापितांच्या हाती असलेला हा एकमेव कागद होय. आद्याक्षरे झालेल्या मसुद्यातील एका कलमान्वये उभय राष्ट्रांनी परस्परांविरुद्धचे आंतरराष्ट्रीय न्यायालयांतील दावे मागे घ्यावयाचे आहेत. म्हणजे तह पुरा होईल त्या दिवशी तो कागदही फाटेल. आर्मेनियाच्या सरकारची अडचण आम्ही समजू शकतो. त्यांना उरलेला देश वाचवावयाचा आहे, आणि त्यासाठी त्यांनी गेलेल्या भागावर पाणी सोडले आहे. जेता अझरबैजान आपण होऊन ही गोष्ट काढणार नाही. त्याने काराबाखच्या माजी पुढाऱ्यांवर बाकूत खटले भरले. त्यांची सुनावणी २०२५ च्या जानेवारीत सुरू झाली. मध्यस्थी करणारी अमेरिका मार्गाच्या बांधकामात गुंतली आहे. तेव्हा हे बोलावयाचे कोणी?

भारताचे दूतावास येरेव्हानमध्येही आहेत आणि बाकूतही. फाळणीच्या निर्वासितांच्या छावण्या पाहिलेल्या या राष्ट्राला, तंट्यात न पडता, एक मर्यादित सूचना निःसंशय करता येईल. सरसकट परतीची मागणी आज कोणी मान्य करणार नाही, हे आम्हांलाही कळते. परंतु स्तेपानकर्तच्या स्मशानात ज्यांचे आईबाप पुरलेले आहेत त्यांना वर्षातून एकदा तेथे जाऊन मेणबत्ती लावता यावी. आणि १९८८ साली आर्मेनियातून निघून गेलेल्या अझरबैजान्यांनाही आपल्या गावच्या कबरींवर जाऊन फातिहा म्हणता यावा, एवढी परवानगी उभयतांनी परस्परांस द्यावी. या सूचनेने कोणाची सीमा हलत नाही. आमच्या परराष्ट्रखात्याने ती बाकूत आणि येरेव्हानमध्ये एकाच दिवशी, एकाच भाषेत मांडावी. आणि बाकूने ती नाकारली तर तिने ती कोणत्या शब्दांत नाकारली हे संसदेच्या मेजावर ठेवावे.